अंगाने जास्त टणक कोण: सुपरमॅन, हल्क की थिंग?

डोंबिवलीचा बाबा

मंडळी, घरात आठवडाभर वाद चालू आहे आणि मला जाणत्या माणसांचं मत हवंय.

मुलगा सातवीत आहे. त्याने कपाटाच्या दारावर कार्डशीट चिकटवलाय, ‘सगळ्यात टणक सुपरहिरो’. एक नंबर सुपरमॅन, दोन हल्क, तीन वुल्व्हरिन, चार थॉर, पाच वंडर वुमन. थिंगचं नाव कुठेच नाही. मी विचारलं तर म्हणाला, “बाबा, तो नुसता दगड आहे. आणि हल्कने त्याला हरवलंय.”

मी कॉलेजात असताना माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुने इंग्रजी कॉमिक्स घ्यायचो. मुखपृष्ठं फाटलेली, मधली पानं गेलेली. त्यात फँटॅस्टिक फोरचे अंक दिसले की मी आधी ते उचलायचो, तेही थिंगसाठी, म्हणजे बेन ग्रिमसाठी. त्यामुळे हा कार्डशीट मला लागला. पण मुलाला उत्तर देताना मला नीट मुद्दे सुचेनात. आवडतो म्हणून नंबर दे, असं त्याला सांगायचं नाही.

प्रश्न फक्त अंगाचा आहे. उडता येतं का, डोकं किती चालतं, किती वजन उचलतो, हे बाजूला ठेवा. मार कोण जास्त सोसतो, एवढंच. आणि सिनेमे धरू नका, छापलेले अंक धरा.

हिरवा राक्षस

यात वाद कसला? हल्क.

१९८४ ची सीक्रेट वॉर्स मालिका, चौथा अंक. मॉलिक्यूल मॅन नावाचा खलनायक सगळ्या हिरोंच्या अंगावर डोंगररांग आणून टाकतो. वजन दिलंय १५० अब्ज टन, म्हणजे आपले १५,००० कोटी. खाली एकटा हल्क ती रांग पाठीवर धरून उभा. हल्क म्हणजे मुळात बॅनर नावाचा शास्त्रज्ञ. त्या वेळी त्याच्यात बॅनरचं डोकं जागं होतं, म्हणून राग कमी होता. मग फँटॅस्टिक फोरचा म्होरक्या रीड रिचर्ड्स त्याला मुद्दाम घालूनपाडून बोलतो, राग चढावा आणि अंगात आणखी जोर यावा म्हणून. बाकीचे तेवढ्या वेळात बाहेरची वाट करतात. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुढचं पान उलटायला हात होईना.

वुल्व्हरिन तर पहिल्यांदा आला तोच हल्कशी भांडायला, १९७४ साली, इन्क्रेडिबल हल्कच्या १८०-१८१ अंकांत. नखं मारतो, हल्क भरून निघतो. त्याला हल्कच्या शेजारी बसवणंच चूक.

आणि थिंगबद्दल सांगायचं तर तुमचा मुलगा बरोबर आहे. १९६४ चा फँटॅस्टिक फोर अंक २५ काढून बघा. हल्कने त्याला अख्ख्या न्यूयॉर्कभर आपटलाय. १९९३ च्या अंक ३७४ मध्ये वुल्व्हरिनने नखांनी त्याचं तोंड फाडलं, त्यानंतर बिचारा बरेच अंक शिरस्त्राण घालून फिरत होता. ज्याची कातडी नखाने फाटते तो यादीत कशाला?

मेट्रोपोलिस

सुपरमॅनला पहिला नंबर दिलाय तो योग्य आहे, पण कोणत्या काळातला सुपरमॅन ते मुलाला विचारा.

जून १९३८ च्या ॲक्शन कॉमिक्स अंक १ मधला सुपरमॅन उडत नाही, मैलाचा आठवा भाग उडी मारतो. त्याच्या कातडीबद्दल तिथे एवढंच म्हटलंय की फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी कशानेही ती भेदली जात नाही. म्हणजे तोफगोळ्याने भेदली जाऊ शकते! आज हे वाचून विश्वास बसत नाही. पुढची पन्नास वर्षं लेखकांनी त्याला फुगवत नेलं, शेवटी तो ग्रह ढकलायला लागला, आणि १९८६ मध्ये लेखक-चित्रकार जॉन बर्नने त्याला पुन्हा आवरता घेतला.

आणि तो मेलाही. १९९२ च्या शेवटी, सुपरमॅन अंक ७५. डेली प्लॅनेट या त्याच्या वर्तमानपत्राच्या इमारतीसमोर डूम्सडे नावाचा राक्षस आणि तो एकमेकांना शेवटचा तडाखा देतात आणि दोघेही कोसळतात. त्याच्या आधीच्या अंकांत पानावर चार चौकटी, मग तीन, मग दोन, आणि ७५ मध्ये प्रत्येक पानावर एकच. वाचताना श्वास कोंडतो. नंतर तो परत आला हे खरं, पण नुसत्या हाताच्या मारामारीत तो संपला हेही खरंच. त्याला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट दगड नाही, जादू नाही.

तरी माझं मत त्यालाच. १९९६ च्या मार्व्हल आणि डीसी या कॉमिक्स कंपन्यांच्या सामन्यात त्याने हल्कला हरवलं, आणि २००३-०४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून काढलेल्या जेएलए-ॲव्हेंजर्समध्ये थॉरला.

भट्टीवाला

डोंबिवलीकर, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी कोल्हापूरला एका फाउंड्रीत बावीस वर्षं टेस्टिंगला आहे. ओतून आलेला माल टणक आहे की नाही हे सांगणं हेच माझं काम. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो, मग नावांकडे वळतो.

‘टणक’ हा एक शब्द नाही, त्यात किमान तीन गुण लपलेले आहेत आणि ते एकमेकांच्या वाईटावर असतात.

पहिला कडकपणा. आम्ही ब्रिनेल मशीनवर १० मिलिमीटरची गोळी ३,००० किलोच्या दाबाने तुकड्यावर दाबतो आणि उमटलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो. खळगा लहान म्हणजे माल कडक. पृष्ठभागावर ओरखडा उठतो का, काही आत घुसतं का, याचं उत्तर इथे मिळतं.

दुसरा चिवटपणा. ही चार्पी टेस्ट. १० बाय १० चा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्यायचा, मधोमध २ मिलिमीटरची खाच पाडायची, आणि वरून लोलकासारखा जड हातोडा सोडायचा. तुकडा मोडताना हातोड्याचा किती जोर खाऊन टाकतो ते काट्यावर दिसतं. खाच मुद्दाम पाडतो, कारण खरा माल कधी गुळगुळीत नसतो, कुठेतरी खरचटलेला असतोच, आणि तडा तिथूनच धावतो. ठिसूळ तुकडा टक्कन दोन होतो आणि हातोडा जवळजवळ तेवढाच वर जातो. चिवट तुकड्याचा आवाजच वेगळा, धप्प. वाकतो, फाटतो, पण हातोड्याला दमवतो. मी पाठ करून उभा असलो तरी आवाजावरून सांगू शकतो तुकडा कसा होता.

घरातलं उदाहरण द्यायचं तर कानस. कानशीएवढी कडक वस्तू घरात दुसरी नसेल, पण वाकवायला गेलात तर कट्टकन मोडते. हिरा सगळ्यात कडक, हातोडीने त्याचा चुरा होतो. आणि ट्रकच्या चाकावरचा पाटा बघा, त्यावर कानशीने ओरखडा काढता येतो, पण तो आयुष्यभर खड्डे खातो.

तिसरा गुण पुनःपुन्हा मार खाण्याचा. एका दणक्याला न मोडणारा लोखंडी आस लाख हलक्या दणक्यांनी मोडतो, हे रेल्वेच्या डब्यांच्या आसांवरून एकोणिसाव्या शतकातच लोकांना कळलं होतं. आम्ही त्याला सरळ फटीगच म्हणतो.

आता तुमचा कार्डशीट.

वुल्व्हरिन तिसऱ्या नंबरवर नको. त्याची हाडं आणि नखं ॲडमँटियम या काल्पनिक धातूने मढवलेली, ती कडक, मान्य. पण त्याचं मांस तुमच्याआमच्यासारखंच. गोळी लागली की भोक पडतं. ते लगेच भरतं, हा गुण मोठा आहे, पण त्याला मी टणक म्हणणार नाही. आमच्याकडे एखादा तुकडा मोडला आणि नंतर आपोआप जुळला तरी मला रिपोर्टमध्ये ‘मोडला’ असंच लिहावं लागेल. १९९३ च्या एक्स-मेन अंक २५ मध्ये धातूवर हुकमत चालवणाऱ्या मॅग्नेटोने ते सगळं ॲडमँटियम त्याच्या अंगातून ओढून काढलं तेव्हा कळलं की टणक होता तो धातू, माणूस चिवट होता. त्याच्यासाठी वेगळी यादी करा आणि तिथे त्याला खुशाल पहिला द्या.

सुपरमॅनबद्दल मेट्रोपोलिस यांनी जे लिहिलंय त्यात एक भर. बर्नच्या त्या नव्या मांडणीत सुपरमॅनच्या अंगालगत एक ऊर्जेचं अदृश्य कवच असतं. म्हणूनच अंगाला चिकटलेला पोशाख फाटत नाही आणि मागे उडणारी केप मात्र चिंध्या होते. मला ही कल्पना फार आवडते, पण परीक्षक म्हणून मी अडतो. कवच बाहेरचं, त्याचा जोर सूर्याचा, लाल सूर्याखाली नेला की सगळं गेलं. हा माल कोणत्या हवेत ठेवलाय त्यावर त्याचा आकडा बदलतो. एक नंबर द्यायचा तर द्या, पण शेजारी ‘पिवळ्या सूर्याखाली’ असं लिहा.

आणि १९९६ चा सामना पुरावा म्हणून धरू नका. त्यातल्या मुख्य पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांनी ठरला होता, सुपरमॅन-हल्क त्यातलीच एक. मतं घेऊन मी आजवर एकही कास्टिंग पास केलेलं नाही.

हल्क. इथे मी हिरवा राक्षस यांच्याशी पूर्ण सहमत. हल्क म्हणजे मँगनीज स्टील. साधारण १२ टक्के मँगनीज घातलेलं हे पोलाद रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलं. गंमत अशी की नवंकोरं असताना ते फार कडक नसतं. जसजसा मार बसतो तसतसा त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो आणि आतला गाभा चिवटच राहतो. खडी फोडणाऱ्या क्रशरचे जबडे त्याचे असतात. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथला तुकडाही त्याचाच, रोज शेकडो चाकं तिथे आदळतात. ठोकाल तेवढा घट्ट! राग येईल तितकी ताकद वाढणारा माणूस याहून वेगळा काय आहे? कडकपणा आणि चिवटपणा एकाच अंगात असणं फार दुर्मीळ, आणि हल्कमध्ये दोन्ही आहेत. माझा पहिला नंबर त्याला.

पण दुसरा नंबर थिंगला. यावर मी कोणाशीही रात्रभर बोलायला तयार आहे.

१९६४ च्या त्या अंक २५ मध्ये तो हरतो, हो. पण कसा हरतो ते बघा. रीड आजारी, बाकीचे दोघे लढायच्या स्थितीत नाहीत, बेन एकटा. त्याला ठाऊक आहे की समोरचा आपल्याहून बळकट आहे. मार्व्हलच्या अधिकृत हँडबुकात थिंगची ताकद ८५ टन आणि हल्क १०० टनांच्या वरच्या वर्गात. पंधरा टनांचा फरक तर कागदावरच, आणि हल्कचा आकडा दर मिनिटाला चढतोय. बेनचा चढत नाही. राग आला म्हणून त्याची कातडी जाड होत नाही, जखम झाली तर वुल्व्हरिनसारखी मिनिटात भरत नाही. बसलेला प्रत्येक दणका त्याच्या अंगात राहतो, पुढच्या दणक्यात मिळतो. तरी तो उठतो.

१९८२ चा मार्व्हल टू-इन-वन वार्षिक अंक ७ मिळवा, कसंही करून मिळवा. विश्वातला एक चँपियन पृथ्वीवर येतो आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुष्टियुद्धासाठी इथल्या बलवानांना बोलावतो. थॉरने हातोडा वापरला म्हणून तो बाद. एकेक करून सगळे संपतात. उरतो बेन. त्याची हाडं मोडतात, उभंही राहवत नाही, लढत थांबवायची वेळ येते, आणि तो सरपटत पुन्हा त्याच्याकडे निघतो. शेवटी चँपियनच मागे हटतो, कारण याला थांबवायचं तर मारूनच टाकावं लागेल हे त्याला कळतं. हा अंक मला सत्तावीसाव्या वर्षी मिळाला. तेव्हा मी नुकता तिसऱ्या पाळीत लागलो होतो. सकाळी घरी येऊन न झोपता वाचून काढला.

बाकी थॉर चौथा, ठीक. वंडर वुमन मनगटातल्या कड्यांवर गोळ्या झेलते, त्याअर्थी टोकदार वस्तूपुढे तिच्या अंगाची परीक्षा वेगळी आहे, तिला मी खाली-वर करणार नाही.

वॉर्ड नंबर सात

भट्टीवाले दादा, तुमचं वाचताना मला ल्यूक केज आठवला, आणि त्याचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून लिहिते.

मी नर्स आहे. ल्यूक केज १९७२ मध्ये आला, तुरुंगातल्या प्रयोगातून त्याची कातडी अभेद्य झाली. सगळे त्याला भाग्यवान समजतात. पण सीक्रेट वॉर नावाच्या २००४-०५ च्या मालिकेत तो जबर जखमी होऊन रुग्णालयात येतो, बेशुद्ध, आणि डॉक्टरांना काही करता येत नाही. सुई आत जात नाही, चाकू चालत नाही. बाहेरून एक ओरखडा नाही आणि आत माणूस चाललाय.

अंक वाचताना माझ्या हातापायांतलं बळ गेलं होतं. आमच्याकडे अंगावर खूप सूज असलेला किंवा भाजलेला पेशंट आला आणि शीर सापडेना की काय होतं ते मला माहीत आहे. सगळी टीम एका सुईवर अडकते, घड्याळ चालू असतं. याच्या बाबतीत तर कुठलीच शीर मिळणार नाही, कधीच.

म्हणून मुलाच्या यादीत ल्यूक केजला घ्या, आणि शेजारी लिहा की कातडी टणक म्हणजे आतलं सगळं टणक असं नसतं. धक्का कातडीतून आरपार जातो, तिला खरचटतसुद्धा नाही.

भट्टीवाला

ताई, हे मी वाचलेलं होतं पण असं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे गिअरचे दाते वरून कडक करतात आणि आतला गाभा मुद्दाम मऊ, चिवट ठेवतात, म्हणजे धक्का गाभ्याने खावा. केजच्या बाबतीत गाभ्यालाच तो जमला नाही. नोंद घेतली.

याच्या उलट टोकाला कॅप्टन अमेरिकाची ढाल. त्यात व्हायब्रेनियम आहे, जे धक्काच गिळून टाकतं. कडक आणि चिवट दोन्ही, पण ती ढाल आहे, माणूस नाही, म्हणून यादीबाहेर.

हिरवा राक्षस

मँगनीज स्टील! हे मी आता सगळीकडे सांगणार.

थिंगबद्दल मात्र माझा मुद्दा तसाच उभा आहे. चँपियनचा अंक मीही वाचलाय, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तो जिद्दीचा पुरावा आहे, अंगाचा नाही. बाबांनी अंगाचं विचारलंय. हाडं मोडली, म्हणजे अंग मोडलं. आणि अंक ३७४ मध्ये तोंड फाटलं ते फाटलंच.

डोंबिवलीचा बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मुलाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. कानशीचं त्याला पटेना, तेव्हा जुनी मोडकी कानस काढून गॅलरीत नेली. एका बाजूला पक्कड, एका बाजूला मी, डोळ्यांवर चष्मा. मोडली. आवाज ऐकून तो दचकला आणि मग दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ मोडलेली बाजू बघत बसला.

कार्डशीट काढून टाकलाय. नवीन आखतोय, तीन रकान्यांचा: कडक, चिवट, पुन्हापुन्हा. हल्कच्या नावापुढे त्याने स्वतःहून ‘मँगनीज’ लिहिलं. ल्यूक केज पहिल्या रकान्यात आला. वुल्व्हरिनसाठी खाली वेगळी चौकट आहे.

थिंगपाशी तो अडलाय. त्याचा प्रश्न मी त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण मला उत्तर येत नाही: “ते काका म्हणाले की तुकड्याला आधी खाच पाडतात, कारण तडा खाचेतून धावतो. मग वुल्व्हरिनने थिंगच्या तोंडावर नखं मारली ती खाचच झाली ना? दगडाला खाच पाडून त्याच्यावर हाणलं तर तो फुटतो. थिंग नंतरही लढत होता. मग तो फुटला कसा नाही?”

भट्टीवाला

बाबा, हा प्रश्न मी दुपारी कँटीनमध्ये चौघांना वाचून दाखवला. आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरांना खाच कशासाठी हे कळायला महिने जातात.

त्याला सांगा, त्याने बरोबर पकडलंय. हिरवा राक्षस, तुम्हीही ऐका, कारण तुमचाच मुद्दा आहे. ॲडमँटियम थिंगच्या कातडीहून कडक आहे, म्हणून नख आत गेलं. ब्रिनेलच्या मशीनवर थिंग हरला, मी सही करून देतो. पण थिंग जर दिसतो तसा खरंच दगड असता, तर त्या ओरखड्यातून पुढच्या दणक्याला तडा गेला असता आणि गालाची ढलपी उडाली असती. तसं झालं नाही. व्रण राहिला, शिरस्त्राण चढलं, आणि त्या तोंडावर त्याने पुढे कितीतरी ठोसे खाल्ले. तडा जागेवरच थांबला. पाट्याचं पोलाद असंच वागतं. दिसायला दगड, आतून पाटा. जिद्दीचा भाग सोडून देऊ, हे निव्वळ अंगाचं बोलतोय.

म्हणून पहिल्या रकान्यात थिंगला खाली ठेवा, दुसऱ्यात हल्कच्या लगेच मागे. आणि शेरा लिहायचा असेल तर आम्ही रजिस्टरमध्ये लिहितो तसा लिहू दे: अंक ३७४, खाच आहे, तडा नाही.